चार मेंढ्या आणि समोरचा भिडू

पत्त्यांच्या जोडात दश्शीची जागा मोठी अवघड. दुर्रीपासून नव्वीपर्यंतच्या आठ पानांवर तिचा वट चालतो. पण गुलाम, राणी, राजा आणि एक्का हे चौघे समोर आले की ती निमूट जाते. मेंढीकोटात मात्र सगळा डाव तिच्याभोवती फिरतो. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या चार रंगांच्या चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. त्या ज्यांच्याकडे जास्त, त्यांनी डाव जिंकला. उरलेली ४८ पानं मेंढ्या राखायला किंवा पळवायला.

जिच्यासाठी चौघं जीव टाकतात, ती दश्शी स्वतःच्या बळावर क्वचितच घरी येते. तिला कुणाच्या तरी एक्क्याच्या, राजाच्या, नाहीतर हुकमाच्या पंखाखाली जावं लागतं, आणि ते पान बहुतेक वेळा आपल्या हातात नसतं, समोर बसलेल्या भिडूच्या हातात असतं. मेंढीकोटाची सगळी गंमत, सगळी चिडचिड आणि सगळी माया या एका अडचणीतून येते. गौरी जागवायच्या रात्री घरच्या मोठ्या बायकांनी मला हा खेळ शिकवला, तेव्हा नियमांच्याही आधी एक गोष्ट बजावली होती: आपली पानं बघतेस तेवढंच भिडूकडेही लक्ष ठेव. इतक्या वर्षांनीही मेंढीकोटाबद्दल याहून मोलाचं मला काही सापडलेलं नाही.

ज्यांनी हा खेळ लहानपणी सुट्टीत शिकून पुढे सोडून दिला, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू. जोड पिसायचा, काटायचा आणि वाटायचा. आधी पाच-पाच पानं, मग चार-चार दोनदा, म्हणजे प्रत्येकी १३. उतारी ज्या रंगाची, त्याच रंगाचं पान टाकायचं. सगळ्यांत वरचं पान टाकणाऱ्याने हात उचलायचा आणि पुढची उतारी करायची. रंग संपला की हुकमाने कापता येतं. तीन मेंढ्या मिळाल्या तर डाव जिंकला. चारही मिळाल्या तर समोरच्यांवर कोट. दोन-दोन अशी वाटणी झाली तर हात मोजायचे. हात १३, म्हणजे विषम, त्यामुळे बरोबरी होऊच शकत नाही. सात ज्यांचे, ते जिंकले. आणि तेराच्या तेरा हात एकाच बाजूला गेले तर तो बावन्न पानांचा कोट. तो ज्यांच्यावर बसला, त्यांना गावात पुढचे काही दिवस मान खाली घालून फिरावं लागतं.

हुकूम ठरवण्याच्या तऱ्हा अनेक, आणि खेळाचा स्वभाव तिथेच बदलतो. कट हुकमात आधी हुकूम नसतोच. ज्याच्याकडे उतारीचा रंग पहिल्यांदा संपतो, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. बंद हुकमात वाटणाऱ्याच्या शेजारचा गडी आपल्या तेरांतलं एक पान निवडून पालथं ठेवतो. तो रंग फक्त त्यालाच ठाऊक. कुणाचा रंग संपला आणि त्याने मागणी केली की ते पान उलटतं, आणि तोवर ज्याला आपण बिनकामाचं पान समजत होतो ते एकदम जड होऊन बसतं. मला बंद हुकूम अधिक आवडतो. त्यात सुरुवातीचे हात सगळेच चाचपडत खेळतात. ज्याला हुकूम माहीत आहे, त्याला तो सांगता येत नाही आणि लपवूनही चालत नाही, कारण भिडूला कळावं असं तर त्याला मनातून वाटत असतं. मग तो खेळातूनच सांगतो: एखादा रंग मुद्दाम लवकर संपवून, एखादं मोठं पान उगाच दाबून ठेवून.

डहाणू तालुक्यातल्या रानशेतला मी गेले ती भातकापणी उरकत आलेली असताना. खळ्यावर भारे रचलेले, वाघबारस होऊन गेलेली. दुपारी उन्हं कलल्यावर एका घराच्या ओटीवर चौघं बसले होते: आश्रमशाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, डहाणू स्टेशन ते गाव अशी प्रवासी जीप चालवणारे एक दादा, चिकूच्या वाडीत तोडणीला जाणारा एक जण, आणि त्याचीच पुतणी, डहाणूला कॉलेजात जाणारी. पुतणी गुरुजींची भिडू, काका जीपवाल्या दादांचा. पैसा मध्ये नव्हता. बिड्यांच्या थोटकांनी डाव मोजायची पूर्वीची रीत गुरुजींनी बंद केली आणि आता चिकूच्या बिया ठेवल्या आहेत, असं मला कौतुकाने सांगण्यात आलं.

त्या दुपारचा एक डाव सांगायलाच हवा. हुकूम बंद होता. तो पुतणीने ठेवला होता. चौथ्या की पाचव्या हाताला गुरुजींनी इस्पिकचा राजा उतरला. जीपवाल्या दादांनी चौकी टाकली. आता पुतणीची पाळी. तिच्या हातात इस्पिकची दोनच पानं, दश्शी आणि पंजी. मी तिच्या मागे बसले होते म्हणून मला दिसत होतं. इस्पिकचा एक्का अजून कुणी पाहिलेला नाही. जीपवाल्या दादांकडे असता तर त्यांनी राजा सोडला नसता. म्हणजे तो एकतर गुरुजींकडेच आहे, नाहीतर शेवटी खेळणाऱ्या काकांकडे. गुरुजींकडे असेल तर दश्शी द्यायची हीच वेळ, पुढच्या फेरीला कुणीतरी कापेल. काकांकडे असेल तर राजाही गेला आणि मेंढीही गेली. नुसत्या पानांच्या हिशेबाने हा कौल जवळजवळ निम्मा-निम्मा. पण ती गुरुजींबरोबर लहानपणापासून खेळलेली. एक्का हातात नसताना गुरुजी राजा उघडा टाकतात का, हे तिला माहीत होतं. तिने दश्शी टाकली. काकांनी छक्की टाकली. गुरुजींनी हात उचलला, आणि काही न बोलता पुढची उतारी इस्पिकच्या एक्क्याची केली.

खरी मेंढी पुढे गेली. चौकटच्या दोन फेऱ्या आधीच होऊन गेल्या होत्या आणि काकांनी चौकटचा एक्का दोन्ही वेळा दाबून ठेवला होता. त्यांच्या मनात काय होतं ते उघड आहे: आपल्या भिडूकडे चौकटची दश्शी आहे, ती आपण एक्क्याखाली घेऊ. उतारी हातात आल्याबरोबर त्यांनी एक्का टाकला. तोवर गुरुजींचा चौकट संपला होता. त्यांनी हुकूम उघडायला सांगितला. पुतणीने पान उलटलं, किलवरची सत्ती. गुरुजींनी किलवरच्या दुर्रीने एक्का कापला. त्यांच्यानंतर जीपवाल्या दादांची पाळी, आणि त्यांच्याकडे चौकटचं एकच पान उरलेलं होतं, दश्शी. दुसरं काही टाकायची सोयच नाही. जोडातल्या सगळ्यांत लहान पानाने एक्का आणि मेंढी दोन्ही नेली. काकांनी कपाळावर हात मारला. जीपवाले दादा त्यांच्यावर रागावले नाहीत, हे मला फार आवडलं. एवढंच म्हणाले, पहिल्याच फेरीला एक्का मारायला हवा होता.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यामागे साधा हिशेब आहे. एका रंगाची १३ पानं चौघांत वाटली जातात. तीन फेऱ्या सगळ्यांनी पाळल्या तर १२ पानं गेली, एक उरलं. म्हणजे तिसरी फेरी होईपर्यंत कुणाचा तरी रंग संपलेला असण्याची शक्यता दाट, आणि चौथी फेरी चौघांनी पाळणं अशक्यच. मेंढी सुखरूप न्यायची तर पहिली फेरी उत्तम, दुसरी जोखमीची, तिसरी नशिबाची. मुरलेल्या खेळाडूंना हे कागदावर मांडून दाखवावं लागत नाही, त्यांच्या बोटांनाच ते ठाऊक असतं.

हिशेबच निघाला आहे तर आणखी एक. चार मेंढ्या वाटपातच दोन जोड्यांत कशा पडतात? मी मांडून पाहिलं. दोन-दोन अशी समान वाटणी १०० पैकी सुमारे ३९ डावांत होते, तीन-एक अशी जवळजवळ ५० डावांत, आणि चारही मेंढ्या एकाच जोडीकडे सुमारे ११ डावांत. हे पाहून माझा एक गैरसमज पुसला गेला नाही, उलट एक समज पक्का झाला: कोट नशिबाने मिळत नाही. चारही मेंढ्या वाटपात आल्या तरी त्या कुणाच्या तरी हातात अडकून बसतात, आणि समोरची जोडी हुशार असेल तर त्यातली एखादी शेवटच्या दोन हातांत ओढून नेते. मिळालेली मेंढी घरी आणणं हेच खरं कसब.

आता थोडं दूर जाऊ, कारण असाच जीव पत्त्यांच्या डावावर टाकणारे लोक जर्मनीत आहेत आणि त्यांच्याकडून आपण एक गोष्ट उचलावी असं मला मनापासून वाटतं. युरोपात नाव घेऊन नोंदलेला सर्वांत जुना पत्त्यांचा खेळ म्हणजे कार्नोफेल. त्याचा उल्लेख १४२६ साली नॉर्डलिंगेन या बव्हेरियातल्या गावी सापडतो. त्याच मुलखात आज शाफकोफ खेळला जातो, पालघरच्या पाड्यांत मेंढीकोट खेळावा इतक्या सहजपणे. पानं ३२, खेळाडू चार, प्रत्येकाला आठ. पानांना गुण असतात: एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ४ वगैरे. सगळे मिळून १२०, आणि डाव मांडणाऱ्या बाजूला ६१ लागतात. तिथल्या दश्शीला नुसती किंमत नाही, ताकदही आहे. साध्या रंगात ती एक्क्याच्या खालोखाल बसते आणि राजाला मारते. आपल्या दश्शीला किंमत सगळी दिली, ताकद दिली नाही. म्हणून आपल्या खेळात भिडूवाचून पान हलत नाही.

शाफकोफमध्ये भिडू असतो, पण तो कोण हे त्याच्याखेरीज कुणालाच माहीत नसतं. डाव मांडणारा एखाद्या रंगाचा एक्का पुकारतो. तो ज्याच्या हातात, तो त्याचा भिडू, आणि एक्का पडेपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. तिकडेच बव्हेरिया आणि टिरोलमध्ये वाटेन नावाचा दोन-दोन भिडूंचा खेळ आहे. त्यात कित्येक ठिकाणी भिडूला डोळ्याने, ओठाने, खांद्याने खुणा करायला चक्क परवानगी असते, आणि समोरच्यांना न कळता खुणा करणं हीच कला मानली जाते. आपल्याकडे खुणा म्हणजे लबाडी. प्रत्येक गावात खुणांवरून भांडणं होतात, आणि तरी प्रत्येक गावात खोकल्याचे, पायाने ढोसण्याचे आणि कान खाजवण्याचे किस्से अभिमानाने सांगितले जातात. मी बिनखुणेच्या खेळाच्या बाजूची आहे. रानशेतच्या त्या पुतणीने दश्शी टाकली ती गुरुजींच्या चेहऱ्याकडे न बघता, त्यांच्या सवयीवर विसंबून. खूण झाली असती तर तिच्या त्या निर्णयात काही उरलंच नसतं.

आपल्या मुलखातही पत्ते जुने. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२. राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी ती कला पुन्हा उभी केली म्हणून आज ती पानं रंगवणारे हात आहेत. त्या खेळातही हात करायचे असतात. दिवसा खेळ सुरू झाला तर रामाच्या रंगापासून, रात्री कृष्णाच्या. पण खेळणारे तिघे आणि तिघेही आपापले. हुकूम नाही, भिडू नाही. भिडूचा खेळ ५२ पानांच्या जोडाबरोबर समुद्रावरून आला. मेंढीकोटाची ठेवण इंग्रजांच्या व्हिस्टची, ज्यावर एडमंड हॉयलने १७४२ मध्ये पुस्तिका लिहिली. आपल्याकडच्या तीनशेचारमध्ये तर गुलामाला ३० आणि नव्वीला २० गुण. गुलाम आणि नव्वी डोक्यावर घेणारं हे घराणं हॉलंड-स्वित्झर्लंडच्या यास खेळांच्या नात्यातलं, असं पत्त्यांचे अभ्यासक मानतात. उत्तरेत दहला पकड खेळतात, तोही दश्श्यांचाच. तिथे एकाच गड्याने लागोपाठ दोन हात केल्याशिवाय मधला ढीग उचलता येत नाही. म्हणजे आपल्या मेंढीला भावंडं पुष्कळ आहेत.

मी म्हटलं ती उचलण्याजोगी गोष्ट ही, की जर्मनांनी आपले खेळ लिहून ठेवले. स्काट हा त्यांचा सगळ्यांत लाडका खेळ आल्टेनबुर्ग शहरात १८१० नंतरच्या दशकात घडला. नियमांची गावोगावी ओढाताण होऊ लागली, तेव्हा १८८६ साली आल्टेनबुर्गलाच खेळाडूंचं संमेलन भरलं आणि नियम ठरवायचं काम सुरू झालं. आज त्या शहरात स्काटचं न्यायालय आहे. डावातला वाद तिथे लिहून पाठवता येतो. १९०३ पासून तिथे स्काटचं कारंजं उभं आहे, आणि २०१६ मध्ये स्काट खेळणं जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. एका पत्त्यांच्या खेळासाठी एवढं करणारी माणसं मला वंदनीय वाटतात.

आपल्याकडे मेंढीकोटाचं न्यायालय म्हणजे डावाच्या आधीची पाच मिनिटं. रानशेतला तीच मी सगळ्यांत लक्ष देऊन ऐकली. कट हुकूम की बंद? बंद ठेवलेलं पान उघडल्यावर परत हातात घ्यायचं, की तिथेच ठेवून शेवटी खेळायचं? हुकूम उघडायला सांगणाऱ्याने हुकूम टाकलाच पाहिजे का? पान हातात असून कापलं आणि पकडलं गेलं तर डाव गेला की नुसता हात? गुरुजींचा आग्रह, डाव गेला. जीपवाले दादा म्हणाले, स्टेशनवर नुसता हात जातो. स्टेशनवरचा नियम तलासरीकडच्या माणसांनी आणला की लोकलमधल्या मंडळींनी, यावर थोडी चर्चा झाली. विरारपासून डहाणू रोडपर्यंत २०१३ मध्ये लोकल सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ दप्तरावर रुमाल पसरून पानं मांडणारे गट या मार्गावरही बसतात, आणि त्यांचे नियम चर्चगेटच्या बाजूने वर सरकत येतात. शेवटी ओटीवर ठरलं: घर गुरुजींच्या बाजूचं, नियम गुरुजींचा.

ही पाच मिनिटं मला खेळाइतकीच प्यारी आहेत. चार माणसं, ज्यांत वयाचं, शिक्षणाचं, कमाईचं अंतर आहे, ती एकमेकांना न दुखावता कायदा करतात आणि पुढचा तासभर तो पाळतात. त्या ओटीवर कॉलेजातली मुलगी निवृत्त मास्तरांना, तुम्ही मघाशी किलवर टाकायला हवा होता, असं सरळ सांगत होती आणि मास्तर ते ऐकून घेत होते. दुसऱ्या कुठल्या बैठकीत हे इतक्या सहज घडतं?

गुरुजी एक जुनी आठवण सांगत होते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि कित्येक महिने थांबले नाहीत. थंडीच्या दिवसांत लोक घराबाहेर, ताडपत्रीखाली झोपत होते. त्या रात्री पोरांना भीती वाटू नये म्हणून मोठ्यांनी पत्ते काढले, आणि आज हाताशी आलेली कितीतरी मुलं मेंढीकोट तेव्हाच शिकली, असं त्यांचं म्हणणं. पुतणीने मान डोलावली, तीही त्यातलीच.

पत्त्यांना आपल्याकडे नाव वाईट आहे, ते उगाच नाही. अष्टमीच्या रात्री आणि लक्ष्मीपूजनाला तीन पत्तीच्या फडात घरं बसलेली लोकांनी पाहिली आहेत. अलीकडच्या वर्षांत मोबाइलवरच्या पैशाच्या रमीने तर ओटीवरचा फडही काढून घेतला. माणूस एकटाच बसून हरू लागला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्याचं मी स्वागत करते. पण पत्ते म्हणजे जुगार असं म्हणून मेंढीकोटालाही त्याच गाठोड्यात बांधणं अन्याय आहे. या खेळाचा पैशाशी मुळात मेळ बसत नाही, कारण हरलेल्याला हरवणारा एकटा नसतो आणि जिंकलेल्यालाही आपलं श्रेय निम्मं भिडूला द्यावं लागतं.

म्हणून या दिवाळीत वाचकांकडे एक मागणं आहे. घरी जमलेल्यांत सगळ्यांत जुना मेंढीकोट खेळणारं जे माणूस असेल, त्याच्याजवळ वही घेऊन बसा आणि तुमच्या घरचे नियम लिहून घ्या. गावाचं नाव वर घाला. हुकूम कसा ठरतो, बंद पानाचं काय होतं, पान चोरलं तर दंड काय, दोन-दोन मेंढ्या पडल्या तर निकाल कसा लावतात, कोट झाल्यावर हरलेल्यांनी सलग कितीदा वाटायचं, आणि वाटणाऱ्याने कंटाळून जोड भिडूच्या हातात दिला तर ते चालतं का. या शेवटच्या प्रश्नावर रानशेतचं उत्तर माझ्या वहीत आहे: चालतं, पण पुन्हा कोट झाला तर वाटपाचा हिशेब दोघांचाही नव्याने सुरू.